साडूंच्या मांडीचं माप

माझे साडू मिरजगावात शिंपीकाम करतात, आणि त्यांच्याइतका संताप आणणारा माणूस नगर जिल्ह्याच्या चौदा तालुक्यांत दुसरा नसेल, हे मी कुणापुढेही सांगायला तयार आहे. दिवसातून तीनदा हिरड्यांना मिश्री लावायची, कात्री हाताशी असताना दोरा दातांनीच तोडायचा, आणि बोलताना ओठांत टाचण्या धरायच्या, म्हणजे कुणाला तोंडात डोकावता येऊ नये. हिरड्या कित्येक वर्षं सुजलेल्या. भाकरीच्या तुकड्याला रक्त लागलं तर म्हणायचं, चटणी आहे. दोरा तोडायचं काम उजव्या दातांकडून डाव्या दातांकडे गेलं, तेव्हा मी दाताच्या डॉक्टरचं नाव काढलं, तर महिनाभर माझ्याशी अबोला धरला.

पण धंद्यात हा देवमाणूस. गिऱ्हाइकाच्या अंगातला दोष त्यांनी कधी गिऱ्हाइकालासुद्धा कळू दिला नाही. गावातल्या एका मास्तरांचा डावा खांदा उतरलेला आहे. साडू त्यांच्या प्रत्येक सदऱ्यात त्या खांद्याला गुपचूप जादा घडी घालतात, आणि आपण ताठ आहोत असं मास्तर आजही समजतात. मला त्यांची ही सवय फार आवडायची. पुढे तिनंच माझं डोकं फिरवलं.

गेल्या वर्षी दुकानाच्या पायरीवरून पडून त्यांच्या उजव्या गुडघ्याची वाटी फुटली. मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर, तेही सहा आठवडे. ते काढलं तेव्हा मांडी पार वाळून गेली होती. नगरचे हाडांचे डॉक्टर म्हणाले, पाय हलला नाही की मांस झिजणारच, व्यायामानं भरून येईल. दोन महिन्यांनीही भरेना, तेव्हा त्यांनी साडूंना तोंड उघडायला लावलं. खात्री देता येत नाही, पण हिरड्यांतल्या या पुवामुळे सगळ्या अंगात सूज धुमसत असेल आणि ती मांसही खात असेल, आधी हे साफ करा, असं त्यांनी बजावलं.

"पाय मोडलाय माझा, आन ह्यो मानूस दात मोजतोय," साडू बाहेर येऊन म्हणाले.

मी स्टँडवर चारचौघांत त्यांच्यावर ओरडलो. शिलाईचं मशीन पायानं चालतं. पायातला जोर गेला तर दुकान बंद, आणि मग अक्कानं, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीनं, काय करायचं? त्यावर साहेब खिशातली मिश्रीची डबी चाचपत बसले.

मग दर फोनला एकच उत्तर. मांडी भरतीय, रोज टेपनं मोजतोय. दिवाळीला गेलो तर खरंच दोन्ही पाय सारखे दिसत होते. आपण उगाच ओरडलो, असं वाटून मी वरमलो. जेवून उठताना त्यांचा तोल गेला, म्हणून मी मांडीला आधार दिला, तर माझी बोटं कापसात रुतली. पँटीला आतून अस्तर लावून त्यात कापूस भरला होता. अक्काला कळू नये म्हणून त्यांनी मास्तरांच्या खांद्यासारखाच स्वतःचा पायही शिवून काढला होता.

मी तेव्हा जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. अक्का दारात उभी राहून ऐकत होती. साडूंनी मान वर केली नाही.

"दात काडत्याल वो, पाव्हनं," ते म्हणाले. "मंग दोरा कशानं तोडू?"

मी म्हणालो, कात्रीनं. मग गळ्यातला टेप काढून त्यांनी माझ्यापुढे धरला. हा टेप त्यांनी आजवर कुणाच्या हाती दिला नव्हता.

"तुमी मोजा. मी मोजलं की टेप ढिला सुटतोय."

उजवी मांडी डावीपेक्षा तीन इंच कमी भरली. मला आकडा मोठ्यानं सांगवेना. त्यांनीच वाकून वाचला, अक्काला ऐकू जाईल असा.

हिरड्या साफ झाल्या, चार दात गेले. मांडी आता भरते आहे. हिरड्यांमुळे की अक्का समोर बसून करून घेते त्या व्यायामामुळे, देव जाणे. मी दर महिन्याला जाऊन टेप धरतो. अजून इंचभर बाकी आहे. मशीन चालतं. शिवण संपली की साडूंचं तोंड सवयीनं दोऱ्याकडे जातं, मध्येच थांबतं, आणि ते कात्री शोधू लागतात. ती त्यांच्या समोरच असते. मी ती उचलून त्यांच्या हातात देतो, आणि तेवढा वेळ मला त्यांचा राग येत नाही.