फरासान बेटावरचं फ्रेंच गिऱ्हाईक

गुरुवारी दुपारी सायलीचा मेसेज आला. रविवारी तिला बघायला पाहुणे येतायत, बाबा बहुतेक त्यांना शब्द देतील. मी तेव्हा सौदीतल्या जिझानमध्ये एका गच्चीवर एसीचं युनिट उघडून बसलो होतो.

चूक माझीच. पंधरा दिवसांपूर्वी तिच्या बाबांनी फोनवर एवढंच विचारलं होतं, की अर्धवट सोडलेला डिप्लोमा पुरा करणार का. माझं डोकं फिरलं. फोन ठेवला आणि वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, "डिग्री बघूनच मुलगी द्यायची तर कॉलेजलाच द्या." अख्ख्या वाडीनं वाचलं. तेव्हापासून काका, म्हणजे सायलीचे बाबा, माझा फोन उचलत नाहीत.

कंपनीच्या कॅम्पात माझ्या खोलीत यासीनभाई असतात. श्रीवर्धनचे, वीस वर्षं इथे गाडी चालवतात. माझं तोंड बघून म्हणाले, भिंतींशी भांडत बसण्यापेक्षा उद्या सुट्टी आहे, फरासानला चल.

जाणाऱ्यांसाठी सांगतो. जिझान बंदरातून बोट फुकट आहे, पण जागा आधी नोंदवावी लागते आणि इकामा, म्हणजे इथलं रहिवासी कार्ड, जवळ हवं. प्रवास तास-सव्वा तासाचा. पाणी आधी मातकट, मग हिरवं, मग इतकं निळं की मी फोन खिशात ठेवला. अर्थात मधूनमधून फोन काढत होतोच. यासीनभाई म्हणाले, "कॉलेज सोडलंस, आता फोन पण सोड थोडा वेळ."

बेटावर गाडी ठरवावीच लागते. आम्हाला अर्ध्या दिवसाची दीडशे रियालला मिळाली. कस्सार गावातली दगडी, झावळ्यांनी शाकारलेली घरं बघितली. जुम्म्याची नमाज झाल्यावर भाजलेला मासा आणि भात खाल्ला. मसाला आपल्यापेक्षा कमी, मासा मात्र सकाळचाच असावा.

मग एका जुन्या मोती-व्यापाऱ्याच्या घरी गेलो. भिंतींवर चुन्याची नक्षी अशी, की लेस विणून चिकटवली असावी. दाराशी बाकावर अबू हसन नावाचे म्हातारेबाबा बसले होते. त्यांचे आजोबा मोत्यांसाठी बुडी मारायचे. ते अरबीत सांगत होते, यासीनभाई मला मराठीत.

इथले मोती मुंबईला जायचे आणि पॅरिसलाही. फ्रेंच म्हटलं की मला पाँडिचेरीच आठवायचं. इथे तर तेव्हा राज्य तुर्कांचं होतं. पण समुद्रापलीकडे, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जरा दक्षिणेला, फ्रेंचांनी आधी ओबोक नावाच्या लहानशा बंदरावर झेंडा लावला, मग जिबूती वसवलं. तिकडून त्यांचे व्यापारी मोत्यांच्या शोधात या बेटांवर यायचे.

भाव कसा ठरायचा, ते अबू हसननी करूनच दाखवलं. खांद्यावरचं फडकं माझ्या हातावर टाकलं आणि खालून माझी बोटं धरली. दोन बोटं दाबली म्हणजे इतके, अर्धं बोट म्हणजे तितके. आजूबाजूला दहा माणसं असली तरी कुणाला कळत नाही. मी हसलो. आमच्याकडे बैलबाजारात दलाल रुमालाखाली हेच करतात.

त्यांच्या घरात एक गोष्ट सांगतात. एक फ्रेंच गिऱ्हाईक नवीनच आलं होतं. बोटांची भाषा त्याला येईना, म्हणून वैतागून त्यानं भर बैठकीत भाव मोठ्यानं सांगितला, आणि तोही फार कमी. व्यापाऱ्यानं मोत्यांची पुरचुंडी बांधली आणि तो उठून गेला. मी म्हटलं, भाव वाढवायचा की मग त्या माणसानं.

अबू हसन नाही म्हणाले. फडक्याखाली कमी भाव सांगितला असता तर हरकत नव्हती, तो दोघांतच राहिला असता. "चारचौघांत सांगितलं ना, म्हणजे माल नाही, माणूस स्वस्त केला."

यासीनभाईंनी हे मराठीत सांगितलं आणि माझ्याकडे न बघता समुद्राकडे बघत बसले. ग्रुपवरचं त्यांनीही वाचलं होतं, मीच मोठ्या तोऱ्यात दाखवलं होतं. शेवटी मीच विचारलं, पुढे त्या फ्रेंचाचं काय झालं. तर पुढच्या हंगामात तो परत आला, त्याच बैठकीत सगळ्यांसमोर माफी मागितली आणि दाराशी बसून राहिला. तिसऱ्या दिवशी व्यापाऱ्यानं त्याच्या हातावर फडकं टाकलं.

खरं-खोटं अबू हसन जाणोत. परतीच्या बोटीत मी वाडीच्या ग्रुपवर दोन ओळी लिहिल्या. काकांचा प्रश्न बरोबर होता, मी सर्वांसमोर त्यांचा अपमान केला, सर्वांसमोर माफी मागतो. कुणीतरी हसण्याची इमोजी टाकली. एरवी मी त्याला सोडला नसता.

आता शनिवारी कॅम्पात बसून हे लिहितोय. फरासानला जरूर जा, दोन दिवस काढून जा, एक दिवस पुरत नाही. मला तिथलं पाणी आठवतं, पण त्याहून जास्त त्या म्हाताऱ्याची खरखरीत बोटं.

सकाळी काकांनी फोन उचलला. मी सांगितलं, डिप्लोमाच्या राहिलेल्या परीक्षा देतो, रजा मागितली आहे. काका मग म्हणाले, "उद्या पाहुणे येतील, चहा घेतील. मी कुणालाच शब्द देत नाही. तुलाही नाही."

मी "बरं, काका" म्हटलं आणि पुढे एक अक्षर बोललो नाही.