दुसऱ्या फेरीचे उंदीर

इंदूताईला तिच्या साहेबाने फसवले. तिच्या प्रयोगाचा अर्धा भाग त्याने स्वतःच्या नावावर मिरवला आणि उरलेला दाबून टाकला.

ती नागपूरच्या ज्या प्रयोगशाळेत संशोधन करी, तिथे उंदरांच्या पिंजऱ्यांत अंथरायला धानाचा भुसा लागतो. तो वरठीहून मी पोचवतो. पहिल्याच दिवशी भाव वाढवून मागायला तोंड उघडले, तर या इंदूताईने अख्खे पोते माझ्या पायावर उलटे केले.

"भाऊ, यात घुशीच्या लेंड्या आहेत. माह्या उंदरायले रोग द्याचा तो मी देईन. तुमी कायले आनता?"

मी दिघोरीचा, ती एकोडीची; दोघे एकाच मुलखातले. मीही शिव्या दिल्या. तिने त्या व्याजासकट परत केल्या. त्यानंतर आम्ही घरच्यासारखे भांडत आलो.

देवीच्या जातीचा एक रोग उंदरांनाही होतो. पाय सुजतात, काळे पडतात, झडून जातात. तसला उंदीरही हाताला कडकडून चावायला धावे. इंदूताई खूश होई. "पाहा, मरून राहिला पन दात नाही सोडत." ज्याचे हाल होत, त्याची मान ती एका झटक्यात मोडी. मग त्याचा पिंजरा स्वतः धुऊन काढी.

काही उंदरांना ती रोगाबरोबरच औषध देई, काहींना जरा उशिरा. दोन्हीकडचे जगले. साहेब पेढे वाटून मोकळा झाला. ताईने पेढा घेतला नाही. वाचलेल्यांना तिने पुन्हा तोच रोग दिला. ती दुसरी फेरी. उशिरा औषध मिळालेले तगले. लवकर मिळालेल्यांचे पाय पुन्हा काळे पडले आणि ते पटापट मेले.

"औषध म्हंजे भांडन सोडवनारा मानूस," ती मला म्हणाली. "लवकर आला तं आंगाले दुश्मनाचं तोंडच दिसत नाही. मार खाल्ल्याबिगर आंग शिकत नाही, भाऊ."

साहेबाने शास्त्रज्ञांच्या मोठ्या सभेत फक्त पहिली फेरी दाखवली. ताई उभी राहून बोलू लागली, तर तिचा माइक बंद केला. तिने तो उपटून त्याच्या टेबलावर आदळला. काच फुटली, नोकरी गेली. "मानसायले औषध देतीन तवा हे कोन सांगन?" एवढेच ती विचारत राहिली.

पुढे साकोलीच्या रस्त्यावर ट्रकने तिची स्कूटी चिरडली, ती जागीच गेली. साहेब हार घेऊन एकोडीला आला. चितेसमोर लोकांना सांगू लागला, "बाई हुशार होत्या, पण दुसरी फेरी झालीच नव्हती. त्यांचा भ्रम होता."

मी त्याची कॉलर धरली. चौघांनी मला ओढून काढले, तेव्हा त्याच्या शर्टाचे बटण माझ्या मुठीत होते.

साहेब, पहिली फेरी संपल्यावर तुम्हीच मला भुसा बंद करायला सांगितले होते. ताईने पुन्हा मागवला. मी स्वतः पोती उचलून आत नेली, पिंजऱ्यांत भुसा पसरला, आणि मेलेल्या उंदरांसकट तोच भुसा भट्टीत जळताना पाहिला. फेरी झालीच नव्हती, तर माझ्या भुशावर मेले ते कोण? एकोडीत तिच्या दारी या आणि चारचौघांत सांगा.