अतिशय सन्माननीय

आमच्या उत्तर फ्रान्समधल्या बेरलेत गावात रेजीन वालारला सगळे ‘डॉक्टरबाई’ म्हणतात. चौकातला पेपरवाला तर तिला अजून गुडघा दाखवतो. "डॉक्टरबाई, जिना चढताना कळ येते बघा. काय घेऊ?" रेजीन सांगते, "जिना चढू नकोस." तीस वर्षं हा विनोद चाललाय, आणि एकदाही तिला त्याचं मनापासून हसू आलेलं नाही. डॉक्टरबाई शाळेत शिकवून निवृत्त झाल्या. बारा-तेरा वर्षांच्या पोरांकडून क्रियापदं घोकून घ्यायला डॉक्टरकी लागत नाही, हे गावालाही कळतं. पण तिची आई ओदेत जिवंत होती तोवर तसं बोलून दाखवायची कुणाची छाती नव्हती.

ओदेतची चर्चसमोर फ्राइजची गाडी होती. नवऱ्याची फुप्फुसं कोळशाच्या खाणीनं खाल्ली. तो गेल्यावर हिनं कढई मांडली आणि बटाटे तळून मुलीला विद्यापीठात धाडलं. मुलीनं तिथं काय निवडावं? आपलीच भाषा! फिरमँमामा म्हणाला, "अगं, फ्रेंच तर तुला येतंच की. आलेलं शिकायला एवढ्या लांब कशाला जायचं?"

रेजीन गेली, आणि पदव्या घेऊन झाल्यावर डॉक्टरेटच्या प्रबंधाला बसली. दोनअडीचशे वर्षांपूर्वी आमच्याकडे पत्रांतून कादंबऱ्या लिहायचं खूळ होतं. सरदार आणि त्यांच्या बायका एकमेकांना शेकड्यानं पत्रं लिहितात, रडतात, विष घेतात. ती पत्रं एप्रनखाली लपवून पोचवणाऱ्या मोलकरणींवर रेजीननं चारशे ऐंशी पानं लिहिली. सात वर्षं लागली.

"म्हणजे पोस्टमनवर लिहितेयस?" आईनं विचारलं होतं.

"तसंच समज."

"मग सरळ पोस्टातच का नाही लागत? कपडे तरी फुकट मिळतात."

मार्गदर्शक होते प्राध्यापक ओब्रियो. सात वर्षांत त्यांनी रेजीनची पानं वाचली त्याहून रेजीननं त्यांची जास्त वाचली. त्यांच्या लेखांची मुद्रितं तिनंच तपासायची, परीक्षेचे गठ्ठे तिनंच उपसायचे, सरांना सर्दी झाली की तासही तिनंच घ्यायचा. कुरकुर नाही. कारण विभागात एक जागा रिकामी होणार होती आणि सर दर वर्षी म्हणत, "रेजीन, ती खुर्ची तुझीच." खुर्ची! त्या एका शब्दावर तिनं तारुण्य गहाण टाकलं. लग्नाची बोलणी आली तशी गेली.

मग पॅरिसहून आमोरी आला. मोठ्या घरचा, मोठ्या शाळेतला, आणि सरांच्या जुन्या मित्राचा मुलगा. आमोरी वाईट मुलगा नव्हता, हीच तर पंचाईत. तो रेजीनला दार उघडून धरायचा. दोघांचे प्रबंध एकाच हिवाळ्यात पुरे झाले, आणि खुर्ची एकच होती.

आता निकालाची गंमत सांगायला हवी. त्या काळी आमच्याकडे नुसतं ‘सन्माननीय’ म्हणजे नापास करायला लाज वाटली म्हणून पास. ‘अतिशय सन्माननीय’ म्हणजे ठीक आहे, घरी जा. आणि ‘अतिशय सन्माननीय, परीक्षक मंडळाच्या एकमुखी अभिनंदनासह’ म्हणजे नोकरी. त्या शेपटासाठी परीक्षक गुप्तपणे चिठ्ठ्या टाकतात. एकानं जरी ‘नाही’ लिहिलं तरी शेपूट गळतं, आणि शेपटाशिवायचा अर्ज कुणी उघडूनही बघत नाही. हा नियम कुठंही छापलेला नाही. आत वावरणाऱ्या प्रत्येकाला तो ठाऊक असतो आणि बाहेरच्या एकालाही नसतो.

रेजीनच्या प्रबंधाच्या जाहीर तोंडी परीक्षेचा दिवस ठरला. निकालानंतर सगळ्यांना खाऊपिऊ घालायचं ते उमेदवाराच्या घरच्यांनी, अशी रीतच आहे. गाडी सुरू केल्यापासून प्रथमच ओदेतनं ती बंद ठेवली. दोन दिवस राबून तिनं साखरेच्या तार्ती केल्या. आमच्या उत्तरेकडची ती मऊ रोटी, वर लोणी आणि तपकिरी साखर वितळलेली. तळणाचा वास जावा म्हणून केस तीनदा धुतले, वरून अर्धी बाटली कोलोन ओतलं. मामाच्या व्हॅनमधून घरची सोळा माणसं विद्यापीठात उतरली आणि मागच्या बाकांवर हात मांडीवर ठेवून बसली.

चार तास चाललं. चार परीक्षक, चौथे स्वतः ओब्रियो. मोलकरणींवर एवढं काय बोलायचं असतं देव जाणे, पण रेजीन बोलली, आणि फार छान बोलली. फिरमँमामा दोनदाच झोपला. मग परीक्षक आत गेले, सगळे बाहेर व्हरांड्यात ताटकळले. अर्ध्या तासानं बोलावणं आलं. सगळे उठून उभे राहिले. अध्यक्षांनी वाचलं, "...अतिशय सन्माननीय." आणि कागद मिटला.

रेजीन पुढच्या शब्दाची वाट बघत उभी राहिली. पुढचा शब्द आला नाही.

मागून एकदम टाळ्या कडाडल्या. मामानं दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. "अतिशय! ऐकलंत का, अतिशय!" ओदेत रडत होती, पुढच्या बाकावरच्या अनोळखी बाईला मिठी मारत होती. ती बाई विभागातली. तिला सगळं कळलं होतं, आणि ती जमिनीकडं बघत होती. सोळा माणसं आनंदानं वेडी झालेली, आणि त्यांच्यासमोर रेजीनच्या सात वर्षांची माती झालेली. ती हसली. दुसरं काय करणार?

शेजारच्या खोलीत बाटल्या उघडल्या. ओब्रियो तार्तीवर तुटून पडले होते. "मॅडम, असं आयुष्यात खाल्लं नाही!"

"घ्या की साहेब, अजून घ्या." ओदेतनं दुसरा तुकडा वाढला, तिसरा वाढला. मग एप्रनची सवय असलेले हात नव्या झग्यालाच उगाच पुसत तिनं विचारलं, "साहेब, आम्ही अडाणी. पण हे ‘अतिशय सन्माननीय’... याच्या वर काही असतं का?"

रेजीनच्या हातातला पेला थबकला.

"याच्या वर?" ओब्रियोंनी ओठावरची साखर टिपली. "याच्या वर आभाळ, मॅडम."

कोट घ्यायच्या जागी परीक्षकांतल्या वृद्ध केनवाबाईंनी रेजीनचा हात धरला. "सांगू नये, पोरी, पण सांगते. आम्ही तिघांनी ‘हो’ लिहिलं होतं." आणि त्या जिन्यानं उतरून गेल्या. तीन ‘हो’. उरला कोण, हे कळायला डॉक्टरकी लागत नाही. ज्याच्या हाती पाळण्याची दोरी, त्यानंच गळा आवळला होता.

घरी तिनं तोंड उघडलं नाही. आई रोज गिऱ्हाइकांना मिठाबरोबर मुलीची कीर्ती वाढत होती. त्या बाईच्या आयुष्यात दुसरं गोड काय होतं, की हेही काढून घ्यावं?

दोन आठवड्यांनी ओब्रियोंचा घरी फोन आला. आमोरीचा निकाल पुढच्या शुक्रवारी. त्याच्या आईला स्वयंपाकाचा गंध नाही. मॅडमनी आठ तार्ती करून दिल्या तर फार उपकार होतील.

"आई, नको करूस," रेजीन म्हणाली.

"का गं? गुरू आहे तुझा. एवढ्या मोठ्या माणसानं आपण होऊन मागितलं."

"तुझे हात दुखतात."

"हातांना मी बघते. जळतेस का त्या पोरावर? शोभत नाही हो, डॉक्टर झालीस आता."

का नको ते सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. शुक्रवारी रेजीननंच मामाची व्हॅन चालवली. मागं आठ तार्ती स्वच्छ पंच्यांत गुंडाळलेल्या, शेजारी आई नव्या झग्यात.

दोघी दाराशी उभ्या राहिल्या. अध्यक्षांनी कागद उघडला. "...अतिशय सन्माननीय, परीक्षक मंडळाच्या एकमुखी अभिनंदनासह."

खोलीत सुस्कारा फिरला, मग टाळ्या. आमोरीची आई फक्त मान हलवून हसली. तिला दुसरं काही अपेक्षितच नव्हतं. ओदेतनं टाळी वाजवली नाही.

"रेजीन, हे शेवटचं काय होतं? तुझ्या वेळी नाही वाचलं."

"विसरले असतील."

"चार शहाणी माणसं, आणि चौघंही विसरली?"

 ओदेतनं रेजीनच्या तोंडाकडं पाहिलं. बावीस वर्षं गाडीवर उभी राहून तोंडं वाचलेली बाई ती, तिला पुरतं कळलं.

रेजीनला वाटलं होतं, आता आई तार्ती उचलून चालती होईल. नाही. तिनं सुरी घेतली आणि एकसारखे तुकडे पाडून प्रत्येकाला वाढलं. गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. ओब्रियो बशी घेऊन आले तेव्हा तिनं सुरी खाली ठेवली.

"साहेब, याच्या वर काही असतं का, म्हणून विचारलं होतं मी."

ओब्रियो जरा अडखळले. "अहो मॅडम, तो नुसता एक उपचार असतो. मनाला लावून घेऊ नका."

"उपचारच ना? मग माझ्या मुलीलाही द्यायचा होता की. फुकटचाच होता."

आजूबाजूची दोन-तीन डोकी वळली. ओब्रियोंनी बशीतली तार्त काट्यानं तोडली. "आजही अप्रतिम झालीय हं," ते म्हणाले, आणि आमोरीच्या आईशी बोलायला वळले. तिथून हसण्याचा आवाज आला.

परतीच्या वाटेवर ओदेतनं रिकाम्या पंच्यांच्या घड्या घातल्या. खाणीतून उपसलेल्या दगडमातीचे काळे डोंगर दिसायला लागले, बेरलेतचा फाटा आला, तेव्हा तिला एकदम हुंदका फुटला.

"तू मला सांगायला हवं होतंस गं."

"सांगून काय झालं असतं, आई?"

"मी त्याला तिसरा तुकडा वाढला."

खुर्चीवर आमोरी बसला. रेजीननं गावच्या शाळेत अर्ज टाकला. ओदेतनं सोमवारी पुन्हा गाडी उघडली आणि पहिल्याच गिऱ्हाइकाला, मागच्या महिन्यापेक्षा मोठ्या आवाजात, विचारलं, "कळलं का तुला? माझी मुलगी डॉक्टर झालीय. अतिशय सन्माननीय!" गिऱ्हाईक म्हणालं, कळलंय की, केव्हाच. "मग म्हण," ओदेत झारा उगारून म्हणाली, "डॉक्टरबाई म्हण तिला." आत बटाटे सोलत बसलेल्या रेजीननं ते ऐकलं, आणि पुढचा बटाटा घेतला.