बाबांनी पाहिलेली आग

लेकीने पिझ्झ्यावर ओरेगॅनो भुरभुरला आणि त्या वासाने मला सदर भागातल्या आमच्या लाडक्या इटालियन हॉटेलात नेऊन बसवलं. तिथे लाकडाची भट्टी होती. बाबा कोराडीच्या वीज केंद्रात बॉयलरवर होते, दिवसभर आगीवर नजर ठेवायचे. आम्हाला फक्त त्यांच्या शर्टावरची राख ठाऊक.

एका संध्याकाळी तिथे पिझ्झ्याची एक कड कच्ची निघाली. बाबा उठले, भट्टीत डोकावले आणि आचाऱ्याला म्हणाले, “डावीकडची आग अजून लालच हाये गा. लाकूड मांगं सरकव, पिवळी होऊ दे.”

पुढचा पिझ्झा चहूबाजूंनी सोनेरी आला. आचारी थक्क झाला. “काका, तुमाले नुसतं पाहून समजलं?”

तेव्हा माझं लक्ष पिझ्झ्यावर होतं. आज दिसते ती हातातला घास विसरून बाबांकडे बघणारी आई. लग्नाला बारा वर्षं झाली होती, आणि ती त्यांना पहिल्यांदाच कामावर बघत होती.