हातावरची सुशी

सुधाकर गेल्याचं मला मासळीबाजारात कळलं. बदलापूरला नेहमीच्या कोळणीपुढे उभा राहून बांगडे बघत होतो, तर ती म्हणाली, "भाऊ, तुमचा तो जपानी गेला, तुमाला म्हाईत नाय?" मला वाटलं, कंपनीतला कोणी पाहुणा इंजिनीअर परत गेला असेल. "कोणता जपानी?" म्हटलं. "आवो, कात्रपचा तो! बांगड्याचं कल्लं उघडून वास घ्यायचा न् धातला येकच न्यायचा. चार दिस झालं." चार दिवस! वीस वर्षांची मैत्री म्हणून मी चारचौघांत मिरवत होतो, आणि ही खबर मला मासेवालीने द्यावी? त्याच्या घरून कोणी कळवलं नव्हतं. राग आला, खोटं कशाला बोलू. तो कोणावर काढायचा हे शोधत घरी आलो... सव्वा महिना झाला, अजून शोधतोय.

अंबरनाथच्या एका कारखान्यात आम्ही दोघे टूलरूमला होतो. पंच्याऐंशी साली कंपनीने तीन महिन्यांच्या ट्रेनिंगसाठी जपानला एकच माणूस पाठवायचं ठरवलं आणि सुधाकरला निवडलं, कारण त्याच्यासारखा हात कोणाचाच नव्हता. आमच्या सगळ्यांच्या पोटात दुखलं. माझ्याही दुखलं. तिकडे पहिले दिवस त्याने पाव आणि उकडलेल्या अंड्यांवर काढले. कारखान्याजवळच्या गल्लीत सहा स्टुलांचं एक दुकान होतं, एक म्हातारा चालवायचा. शिरका घातलेल्या भाताचा हाताने मुटका वळायचा, वर कच्च्या माशाचा पातळ काप ठेवायचा, झाली सुशी. "पहिल्या घासाला ओकारीच आली," सुधाकर सांगायचा. "आणि ती हिरवी चटणी नाकात अशी चढली की मन्या, आपला ठेचा परवडला." पण तो रोज जात राहिला. आधी भाताची चव कळते म्हणायचा, माशाची कळायला तीन आठवडे लागतात. भात अंगाइतका कोमट पाहिजे, गार झाला की मेला.

परत आल्यावर त्याच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. आणि मला दुसरी गंमत नव्हती. एक दिवस कँटीनमध्ये सगळ्यांसमोर मी ओरडलो, "याच्याजवळ बसू नका रे, डब्यात मासा पोहतोय!" काय हशा पिकला! दुसऱ्या दिवसापासून त्याचं नाव जपानी पडलं आणि त्याच्या बाकावर तो एकटा. आता हे नीट सांगायला हवं. सुधाकरचं घराणं बौद्ध, आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. त्याच्या डब्यापासून आपला डबा दूर सरकवणारे कँटीनमध्ये आधीही होते. कोणाला पंख्याखाली बसायचं असायचं, कोणाला खिडकीपाशी. बिचाऱ्यांना रोज नवीन कारण शोधावं लागायचं. मी ती मेहनत वाचवली. मला तेव्हा हे कळत नव्हतं, असं लिहिणार होतो... पण आमच्याच घरी तो आला की आई त्याला फळीवरच्या कोपऱ्यातल्या कपातून चहा द्यायची. तो कप दुसरं कोणी घेत नसे. मी ते रोज बघत होतो, आणि बहुतेक तोही.

त्याने मात्र हट्ट सोडला नाही. आंबेमोहराची कणी चिकट होते म्हणून ती आणली. शिरका उल्हासनगरच्या एका सिंधी दुकानदाराकडून, तो कांद्याच्या लोणच्यासाठी ठेवायचा, त्याला हा भातात घालणार कळल्यावर तो म्हणे हात जोडून म्हणाला, "साईं, चावल ने क्या बिगाडा है?" बांगडा पहाटे भाऊच्या धक्क्यावरून, नाहीतर या कोळणीकडून वास घेऊन. तो मिठात दाबायचा, मग शिरक्यात मुरवायचा. घरी त्याची बायको, शालनवहिनी, लाकडी काथवटीत भात पसरून वर्तमानपत्राने वारा घालायच्या. सहा महिने बिघडत गेलं आणि एका रविवारी त्याने मला बोलावलं. "आज जमलंय," म्हणाला. एवढा खूश मी त्याला जपानची ऑर्डर मिळाली तेव्हाही बघितला नव्हता. हात ओले करून त्याने मुटका वळला, वर बांगडा ठेवला आणि उघड्या तळव्यावर माझ्यापुढे धरला. "घे. हातावर घे."

मी म्हणालो, "ताटलीत ठेव रे."

तो उठला, फळीवरून निळ्या काठाची चिनी मातीची ताटली काढली, तिच्यात ठेवून दिली. मी अर्धा घास खाल्ला आणि कच्चं मला सोसत नाही म्हणून उरलेला सारला. वहिनींनी विषय बदलला. मुलगी उज्ज्वला तेव्हा पाळण्यात होती.

ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमारास मुंबईच्या एका पंचतारांकित हॉटेलात जपानी जेवणाचा आठवडा असल्याची जाहिरात त्याने पेपरात बघितली. तोवर मुंबईत त्याने पुष्कळ शोध घेतला होता, सुशीचं नाव ऐकलं की लोक चायनीजच्या गाडीकडे बोट दाखवायचे. आम्ही इस्त्रीचे कपडे घालून गेलो. काचेपलीकडे उंच पांढऱ्या टोपीचा खानसामा हाताने मुटके वळत होता. माझ्यापुढे काळी चकचकीत बशी आली, तिच्यात लालभडक कच्चे काप. मी एक खाल्ला, दुसरा खाल्ला... सहाच्या सहा खाल्ले, वर बोटं चाटली! सुधाकरने एकच खाल्ला. "भात गार आहे," म्हणाला. मग माझ्या रिकाम्या बशीकडे बघत राहिला आणि अगदी हळू म्हणाला, "म्हणजे कच्च्याचं वावडं नव्हतं तर."

बाहेर समुद्राच्या कठड्यावर बसल्यावर तो बोलला. एवढं सलग तो कधीच बोलला नव्हता. वांगणीकडच्या त्याच्या गावात शाळेत पाणी प्यायचं तर ओंजळ धरायची आणि शिपाई लांबून, वरून ओतणार. शर्ट भिजायचा. "त्या म्हाताऱ्याने मला विचारलं नाही, तू कोण म्हणून," तो म्हणाला. "हाताने वळला आणि माझ्या हातावर ठेवला. त्याची बोटं लागली मला. मी खाल्लाच नाही रे पहिल्यांदा, नुसता बघत बसलो. चटक लागली ती त्याची." मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "चल, गाडी चुकेल." लाज वाटते हे लिहायला, पण हेच म्हणालो. त्यानंतर भेटीगाठी झाल्या, लग्नकार्यं झाली, त्याने मला कधी वाईट वागवलं नाही. सुशीला मात्र परत बोलावलं नाही. आणि आता हृदयविकाराने गेला, पन्नाशीसुद्धा गाठली नाही.

गेल्या रविवारी धीर करून कात्रपला गेलो. कळवलं का नाही, हे विचारायचं ठरवून गेलो होतो, पण वहिनींना बघून उज्ज्वलाच्या अभ्यासाचीच चौकशी केली. उज्ज्वला आता बारावीला आहे. बाबांचा रविवार मोडायचा नाही म्हणून तिने बांगडा मुरवला होता, काथवटीत भात पसरला होता. हात ओले करून तिने पहिला मुटका आईच्या तळव्यावर ठेवला. दुसरा शेजारच्या काकूंच्या. त्यांनी कुरकुरत, हसत तो तोंडात टाकला. तिसरा वळताना मी हात पुढे केला... तेवढ्यात ती उठलीच.

"थांबा हं काका," म्हणाली, आणि फळीच्या कोपऱ्यातून निळ्या काठाची ताटली काढून पुसली. "बाबा सांगून ठेवायचे, मनोहरकाकांना ताटलीत लागतं. ही तुमचीच आहे, दुसरं कोणी घेत नाही."

किती आदराने म्हणाली पोर. तिला काही ठाऊक नव्हतं. शालनवहिनींनी मान वर केली नाही. मी ताटली घेतली, मुटका खाल्ला. भात कोमट होता, अगदी त्याला हवा तसा.