सांगलीकडून ओव्हर आलं नाही

आमचे आबा सैन्यात वायरलेसवर होते. पेन्शनीत येऊन कितीतरी वर्षं झाली, पण फोनवरचं बोलणं तेच राहिलं. आपलं सांगून झालं की ‘ओव्हर’ म्हणायचं, आणि समोरच्याने ‘ओव्हर’ म्हटल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. मध्येच बोललं की दोघांचंही वाया जातं, असं त्यांचं म्हणणं. समोरासमोर ते मुळात कमीच बोलायचे. फलटणकडचे आमचे नातेवाईक याला सरावले होते. मावशी तर लग्नाचं आमंत्रण देतानाही ‘सगळ्यांनी यायचं बरं का, ओव्हर’ म्हणायची. कस्टमर केअरची रेकॉर्ड केलेली बाई लागली की पंचाईत व्हायची. ती मराठीत, हिंदीत, इंग्रजीत सगळं सांगून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची आणि आबा फोन कानाला लावून शांतपणे तिच्या ओव्हरची वाट बघत बसायचे.

माझं लग्न ठरायची वेळ आली आणि यातली गंमत संपली. स्थळ सांगलीचं होतं. मुलगा मला मनापासून आवडला होता, तसं मी आईला सांगूनही टाकलं होतं. त्याचे वडील हळदीचे व्यापारी, बोलायला गोड आणि एकदा सुरू झाले की थांबायचं नाव नाही. त्यांचा फोन आला. मुलगी पसंत आहे, देणंघेणं काही नको, तुमचं काय ते सांगा, असं सगळं त्यांनी सांगितलं. आबा ऐकत राहिले. तिकडून ‘हॅलो’ झालं, ‘ऐकू येतंय ना’ झालं. आबा गप्प. शेवटी तिकडूनच फोन ठेवला गेला. आईने विचारलं तर म्हणाले, “त्येंचं बोलनं अजून संपल्यालं न्हाई.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आईने फोन मागितला, तर सोयरिकीचं बोलणं बापानेच करायचं असतं म्हणून दिला नाही. मग मध्यस्थाकडून निरोप आला: मुलीच्या वडिलांच्या मनात दिसत नाही, आम्ही दुसरीकडे बघतो. मी जेवले नाही. आईने आबांना फैलावर घेतलं, आता तुम्हीच फोन करा म्हणाली. आबा म्हणाले, त्यांचा निरोप अर्धा राहिलाय, तो त्यांनीच पुरा करायचा. इकडे माझं आयुष्य अडकलेलं आणि त्यांना शिस्त पाळल्याचं समाधान. मला त्यांचा भयंकर राग आला.

शेवटी लाज गुंडाळून ठेवली आणि मुलालाच फोन केला. तुझ्या वडिलांना बोलून झाल्यावर ओव्हर म्हणायला सांग, म्हटलं. मग, हे काही देवाधर्माचं आहे का, असं त्याने विचारलं. मी हो म्हटलं. समजावत बसायला वेळ नव्हता.

संध्याकाळी फोन आला. मी आबांच्या फोनला कान लावून उभी राहिले. सांगलीकरांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, घसा खाकरला आणि देवापुढे बोलावं तशा आवाजात म्हणाले, “ओव्हर.”

आबा ताठ झाले.

“आमाला पसंत हाय. एकच सांगायचं हाय. आमची पोरगी लय बोलती. तिला मधी तोडू नका. तिचं पुरं हुईस्तवर थांबा. ती बोलाय लागली की मला लय बरं वाटतं. ओव्हर.”

इतकी वर्षं या माणसाने माझं एकही वाक्य तोडलं नव्हतं, आणि मी समजत होते की ते ऐकतच नाहीत. मला तिथेच रडू फुटलं. पण रडतानाही राग होताच, कारण हे मला सांगायला त्यांना सांगलीचा माणूस लागला.