उपड्या लॅपटॉपचा नकाशा

गेल्या मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी अकराच्या सुमारास माझ्या मुलीचा लॅपटॉप आपोआप बंद झाला. आदल्या संध्याकाळपासूनची ही तिसरी वेळ होती.

मुलगी आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला होती. तिचा प्रकल्प खाडीकाठच्या मासळी बाजाराचा. सोमवारी सकाळी परीक्षकांसमोर तो मांडायचा होता. मोठ्या आकाराच्या सहा पानांपैकी पाच तयार होती. सहाव्या पानावर आकाशातून दिसणाऱ्या इमारतीचं चित्र यायचं होतं आणि ते लॅपटॉपनेच रंगवायचं होतं. या कामाला रेंडर म्हणतात. माणसाने आराखडा द्यायचा, सावल्या कुठे पडतील, पत्रा किती चमकेल, याचा हिशेब यंत्राने करायचा. त्याला चार तास लागतात आणि मध्ये खंड पडला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. वाशीच्या छपाईवाल्याने रविवारी रात्री आठपर्यंत फाइल घ्यायचं कबूल केलं होतं. सहावं पान नसेल तर प्रकल्प अपुरा धरतात. अपुरा प्रकल्प पुढच्या सत्रात जातो.

लॅपटॉप तिन्ही वेळा चाळीस टक्क्यांच्या आसपास बंद झाला. खोलीत एसी सुरू होता. चार कोपऱ्यांखाली बाटल्यांची चार झाकणं ठेवून यंत्र टेबलापासून उचलून धरलेलं होतं. तरी खालच्या बाजूला हात लावला की चटका बसत होता.

मी वृत्तपत्रात काम करतो. आमच्या कचेरीत संगणक सांभाळणाऱ्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, "कूलिंग पॅड आणा, म्हणजे लॅपटॉपखाली ठेवायचा पंखेवाला पाट. पण दिवे बघून आणू नका. लॅपटॉपच्या खाली हवा आत घेणारी जाळी असते, पंखा बरोबर तिच्याखाली आला पाहिजे. नाहीतर तो नुसताच प्लास्टिकला वारा घालतो."

एकाच माणसाच्या सांगण्यावर बातमी करायची नाही, अशी आमच्याकडे पद्धत आहे. मुलीने वर्गातल्या एका मैत्रिणीला विचारलं. तिनेही जाळीचंच सांगितलं. ऑनलाइन मागवलेला पॅड मंगळवारी आला असता. त्यामुळे घणसोली गावातलं दुकान गाठायचं ठरलं.

लॅपटॉप दुकानात नेता येत नव्हता. थंड झाल्यावर त्यावर अजून पाऊण तासाचं काम बाकी होतं. बंद पडताना सेव्ह न झालेली झाडं पुन्हा लावायची होती, माणसं उभी करायची होती. मुलगी म्हणाली, "बाबा, मी ट्रेस देते. तो घेऊन जा."

तिने लॅपटॉप मिटून टेबलावर उपडा ठेवला आणि त्यावर बटर पेपर पसरला. हा पातळ, आरपार दिसणारा कागद तिच्या खोलीत गुंडाळ्यांनी पडलेला असतो. तिने लॅपटॉपची कड काढली, रबरी पाय काढले, जाळी काढून तिच्यात तिरप्या रेघा भरल्या. जाळी एका अंगाला होती, पुढच्या आणि मागच्या कडेच्या बरोबर मध्यावर.

"नीट लिही त्यावर," मी म्हटलं. "दुकानात मी एकटाच असणार."

तिने स्वच्छ अक्षरात लिहिलं. जाळीपाशी 'हवा आत', खालच्या कडेला 'पुढची बाजू'. कागदाची गुंडाळी करून रबर लावलं.

"टी-स्क्वेअर पण देऊ का?" तिने नकाशे आखायची मोठी पट्टी दाखवत विचारलं. तिची आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "छत्री पण दे. उन्हाचं निघालेत."

आम्ही सेक्टरमधल्या एका टॉवरमध्ये राहतो. रस्ता ओलांडला की गाव सुरू होतं. घरांच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या, तळमजल्यावर दुकानं, वर भाड्याच्या खोल्या. लॅपटॉप आणि मोबाइलचं सामान विकणारं दुकान ज्या इमारतीत आहे, ती इमारत दुकानदाराच्याच मालकीची. तो मूळ गावचा. त्याच्या वडिलांची इथे भातशेती होती. मी गेलो तेव्हा तो अर्धं शटर ओढून उभा होता.

"लवकर बोला साहेब. पुतन्याची हलद हाय आज. दुकान बंद करतोय."

मी कूलिंग पॅड मागितला. त्याने विचारलं, "लॅपटॉप कुठं हाय?"

मी काउंटरवर कागद उलगडला. तो दोन्ही हात काउंटरवर टेकून वाकला. गावातल्या माणसाला नकाशा म्हणजे जमिनीचा. भूसंपादनाच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित जागा मिळते, त्या हिशेबांत या गावाची एक पिढी म्हातारी झाली.

"हा साडेबारा टक्क्यांतला प्लॉट हाय का?"

"लॅपटॉप आहे, शेठ. खालून."

"आयला! जमिनीचे नकाशे लय बघितले. लॅपटॉपचा पयल्यांदाच बघतोय." त्याने जाळीवर बोट ठेवलं. "आनि ही काय, विहीर?"

"हवा इथून आत जाते. पंखा बरोबर हिच्याखाली पाहिजे."

"म्हंजे कोपऱ्याचा प्लॉट पायजे तुमाला," तो म्हणाला आणि मागच्या फळीवरून तीन खोकी काढली.

पहिल्या पॅडला पाच छोटे पंखे होते. त्याने तो पॉवर बँकेला जोडला. निळे-लाल दिवे लागले आणि आवाज इतका झाला की बाहेरून जाणारी बाई थांबून आत बघू लागली.

"ही पोरांची आवड," दुकानदार म्हणाला. "लायटिंग आमी हलदीला पन हीच लावलीय."

मी कागद पॅडवर पसरला. जाळी दोन पंख्यांच्या मधल्या बंद पट्टीवर आली. तो पॅड बाजूला गेला. दुसऱ्याला दोन पंखे, दोन्ही मध्यभागी. जाळी त्यांच्या बाहेर पडली. तिसऱ्याला एकच मोठा पंखा, डाव्या अंगाला, आणि उजवीकडे मोबाइल उभा करायची खाच. कागद ठेवला. तिरप्या रेघा पंख्यावर नेमक्या बसल्या. कागदातून पंख्याची पाती दिसत होती.

"वास्तुशास्त्रानुसार बसला," दुकानदार म्हणाला. पॅड खोक्यात घालताना त्याने विचारलं, "पोरगी काय बांधतेय?"

"मच्छी मार्केट. कागदावर."

"पार्किंग ठेवलंय का? मच्छी घेनारा मानूस गाडीतनं उतरत नाय, सांगा तिला."

"नाही बसला तर बदलून द्याल ना?"

"देईन की. पन उद्या सकाली. आज मी हलदीत, दुकान मी नाय उघडनार. कोन मेलं तरी नाय."

त्याने माझ्यासमोर शटर खाली ओढलं.

घरी पोहोचलो तेव्हा मुलीचं काम संपत आलं होतं. तिने पॅड टेबलावर ठेवला, वायर जोडली. पंखा फिरू लागला, आवाज बेताचा होता. तिने लॅपटॉप उचलून पॅडवर ठेवला आणि जाळी कुठे आली ते बघायला खाली वाकली. बराच वेळ ती वाकलेलीच होती.

"बाबा," ती टेबलाखालून म्हणाली, "पंखा डावीकडे आहे."

"हो. जाळी डावीकडे आहे म्हणून."

"जाळी उजवीकडे आहे."

मी कागद काढून दाखवला. कागदावर जाळी डावीकडेच होती. 'हवा आत' ही अक्षरं तिच्यालगत होती.

ती उभी राहिली. आधी तिने डोक्याला हात लावला, मग हसायला लागली. "तुम्ही हा कागद पॅडवर कुठल्या बाजूने ठेवला?"

"वाचता येईल त्या बाजूने."

"मी लॅपटॉप उपडा ठेवून काढलाय ना! तो सुलटा केला की डावं उजवीकडे जातं. कागद पलटी करून ठेवायला हवा होता."

"पलटी केला असता तर अक्षरं उलटी दिसली असती."

"तशीच दिसायला हवी होती! खालून दिसणाऱ्या छताचा नकाशा काढताना हेच शिकवतात आम्हाला. दुसऱ्या वर्षाला."

"मग कागदावर लिहायचंस ना, पलटी करा म्हणून."

"मला वाटलं, तुम्हाला कळेल."

मी नोकरीला लागलो तेव्हा वृत्तपत्राचं पान पारदर्शक फिल्मवर उतरवून मग छपाईच्या प्लेटवर जात असे. त्या फिल्मची रासायनिक लेप असलेली बाजू वर धरल्यावर अक्षरं उलटी दिसली की फिल्म बरोबर निघाली, असं समजायचं. ही गोष्ट मी घरात पूर्वी अनेकदा सांगितली होती. बायकोने ती आता मुलीला पुन्हा सांगितली, माझ्याकडे बघत.

चूक कोणाची, यावर एकमत झालं नाही. दुकान बंद होतं. वाशीला जाऊन रविवारी उघडं दुकान आणि बरोबर बसणारा पॅड शोधून परत यायचं, तर चार तासांचं गणित चुकण्याची भीती होती. मुलीने लॅपटॉप डावीकडे सरकवून बघितला. जाळी पंख्यावर आली, पण अर्धं यंत्र पॅडच्या बाहेर लोंबकळू लागलं. तिने बाहेरच्या बाजूला डबा लावला. डबा उंच पडला. दुसरा लावला, तो बुटका. हसणं थांबलं होतं. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि खुर्चीत बसली.

"सहावं पान कोरं लावते," ती म्हणाली. "वर लिहिते, धुकं आहे."

बायको बेलापूरला सरकारी कार्यालयात नोकरी करते. रविवारचं जेवण वेळेवर झालं पाहिजे, हा तिचा नियम आहे. ती ताटं वाढत होती. आमच्याकडे ताटाची मांडणी ठरलेली असते. भाजी उजवीकडे, चटणी-कोशिंबीर डावीकडे, मीठ वर मध्यभागी. ती ताट हातात घेऊनच खोलीत आली, पॅडकडे बघितलं आणि सगळं पुन्हा एकदा समजावून घेतलं.

"पंखा डावीकडे आहे आणि पाहिजे उजवीकडे. एवढंच ना?"

"एवढंच," मुलगी म्हणाली.

"मग फिरव की."

"काय फिरव?"

"ते पॅड. ताट उलट्या बाजूने मांडलं गेलं तर काय करतेस? नवं वाढतेस का? फिरवतेसच ना?" तिने हातातलं ताट अर्धा वळसा फिरवून दाखवलं. भाजी डावीकडे गेली, चटणी उजवीकडे आली, मीठ तिच्या पोटाशी आलं.

मुलीने पॅडकडे बघितलं, मग माझ्याकडे. "पण आई, याला उतार आहे. मागची बाजू उंच असते. फिरवला तर कीबोर्ड वर जाईल आणि स्क्रीन खाली. टाइप कसं करू?"

"चार तास तुला टाइप करायचंय कुठे? चित्र तेच काढणार आहे ना?"

मुलीने पॅडची उंची वाढवणारे आखूड पाय मिटले, तरी थोडा उतार राहिलाच; मग पॅड फिरवला आणि लॅपटॉप ठेवला. ती खाली वाकली. मीही वाकलो. जाळी पंख्यावर होती. जाळी पुढच्या आणि मागच्या कडेच्या मध्यावर असल्यामुळे अर्ध्या वळशानंतरही तिची जागा चुकली नव्हती. वायर आता पुढून निघत होती. लॅपटॉप घसरू नये म्हणून पॅडला पुढे असलेली दोन अडकणं मागे गेली होती आणि लॅपटॉपची पाठ त्यांना टेकली होती. गरम हवा बाहेर पडायला त्यांच्यामध्ये पुरेशी जागा होती. मुलीने बोट घालून ती तपासली.

"आता जेवा," बायको म्हणाली.

जेवण सुरू होण्याआधी मुलीने रेंडर सुरू केलं. दोन वाजायला आले होते.

स्क्रीन मागे कलल्यामुळे खुर्चीत बसून नीट दिसत नव्हता. टक्केवारी वाचायला उभं राहून टेबलावर ओणवं व्हावं लागे. तिघंही आळीपाळीने ओणवे होत होतो. कपडे धुवायचं मशीन लावायचं नाही आणि टेबलाला धक्का लावायचा नाही, असं ठरलं. टेबलाला धक्का एकदाच लागला, तो माझा. त्यानंतर मला हॉलमध्ये बसायला सांगण्यात आलं.

पस्तीस टक्क्यांना मुलगी खोलीबाहेर गेली. "तुम्ही बघा. मला नाही बघवत."

बायको आत उभी राहिली आणि आकडे मोठ्याने सांगू लागली. अडतीस. एकोणचाळीस. चाळीसला गावातून बँडचा आवाज सुरू झाला. हळदीची मिरवणूक असावी. बेचाळीसला मुलगी दारापर्यंत आली. पंचेचाळीसला आत आली. पन्नासला तिने लॅपटॉपच्या कडेला हात लावला आणि म्हणाली, "कोमट आहे."

"आमटीसारखं की चहासारखं?" बायकोने विचारलं.

"गार झालेल्या चहासारखं."

"मग चालेल."

त्यानंतर मलाही आत यायची परवानगी मिळाली. चित्र स्क्रीनवर चौकोना-चौकोनाने उमटत होतं. तोवर मी त्या इमारतीचे फक्त रेघांचे नकाशे बघितले होते. आता छपराचा लांब उतार दिसू लागला, मग त्याच्या उघड्या कडेचे ओटे, मग ओट्यांवर बसलेल्या बायका आणि त्यांच्यासमोर टोपल्या. एका ओट्यापाशी मांजर होतं. "हे मांजर कशाला?" मी विचारलं. मुलगी म्हणाली, "मासळी बाजारात मांजर नसेल तर परीक्षकांना खोटं वाटेल." मग खाडी आली, भरतीची, आणि काठाला दोन होड्या.

सव्वासहाच्या सुमारास शंभर टक्के झाले. मुलीने फाइल आधी पेन ड्राइव्हवर घेतली, मग स्वतःला मेल केली, मग मला मेल केली. नंतर चित्र सहाव्या पानावर बसवलं आणि सहाही पानं छपाईवाल्याला पाठवली. टाइप करण्यासाठी तिने आधी पॅड काढून ठेवला. छपाईवाल्याचं उत्तर सात वाजण्याआधी आलं. 'मिळाली. नऊला घेऊन जा.'

पानं आणायला मी आणि मुलगी गेलो. सोमवारी सकाळी कॉलेजच्या भिंतीवर तिची सहाही पानं लागली. मासळी बाजाराचं आकाशातून दिसणारं चित्र वरच्या ओळीत, मधोमध होतं.